जहाल औषध मारूनही गंबोरो परत का येतो? पोल्ट्री शेडच्या निर्जंतुकीकरणाविषयी सविस्तर उत्तर

मुरबाड तालुक्यातील एका ब्रॉयलर पोल्ट्रीधारकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे दीडशे फूट लांब आणि तीस फूट रुंद शेड असून त्यात ते करार पद्धतीने, म्हणजे कंपनीची पिल्ले घेऊन, चार हजार पक्षी वाढवतात. गेल्या तीन बॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती मोडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) मर झाली आणि मधल्या बॅचला रक्ती हगवणही लागली. दर बॅचनंतर गादी (जमिनीवर पसरलेला तुसाचा थर) उचलून, झाडू मारून पाठीवरच्या पंपाच्या तीन टाक्या जंतुनाशक ते लगेच फवारतात. औषध दोनदा बदलून पाहिले, मात्राही दुप्पट केली, तरी फरक पडला नाही. आता सर्वांत जहाल औषध कोणते, ते सांगावे, अशी त्यांची विनंती आहे.

आपण वापरलेली औषधे चांगली आहेत आणि त्याहून जहाल औषध आणल्याने गंबोरो थांबणार नाही. जंतुनाशक काम करते ते स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर, पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ टेकले तर. आपण लिहिलेल्या क्रमात गादी उचलल्यावर झाडू मारून लगेच फवारणी होते, म्हणजे औषध जमिनीवर पडतच नाही. ते जमिनीवर चिकटलेल्या विष्ठेच्या थरावर पडते आणि तिथेच खर्ची पडते. क्लोरीन, आयोडीन, क्वाटर्नरी अमोनियम या सर्वांची ताकद विष्ठा, रक्त, पिसे आणि खाद्याची भुकटी खाऊन टाकतात. ग्लुटारअल्डिहाइड घाणीत थोडे अधिक टिकते, पण अर्धा सेंटिमीटर जाडीच्या वाळलेल्या विष्ठेच्या आतपर्यंत कोणतेच औषध पोहोचत नाही, आणि गंबोरोचा विषाणू नेमका तिथे असतो. मात्रा दुप्पट केल्याने वरच्या थरावर दुप्पट औषध पडते, खालचा थर आहे तसाच राहतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची, आणि ती बहुतेक शेडवर चुकते. आपल्या शेडची जमीन साडेचार हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ४१८ चौरस मीटर आहे. छताची आतली बाजू, खांब, बुटक्या भिंती आणि जाळी धरली तर फवारायचे एकूण क्षेत्र साडेनऊशे ते हजार चौरस मीटर होते. पृष्ठभाग नीट भिजायला चौरस मीटरला साधारण ३०० मिलिलिटर द्रावण लागते, म्हणजे आपल्या शेडला एका फवारणीस सुमारे ३०० लिटर द्रावण हवे. सोळा लिटरच्या तीन टाक्या म्हणजे अवघे ४८ लिटर. त्यात नुसती जमीनही भिजत नाही, छताची तर गोष्टच सोडा. औषध बदलण्यापूर्वी हा हिशेब दुरुस्त करावा, कारण त्यात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा आहे.

आता काम कसे करावे ते क्रमाने सांगतो. पक्ष्यांची शेवटची गाडी भरून गेली त्याच दिवशी, गादी अजून गरम असताना, शेडच्या कडांना आणि खांबांच्या बुडाशी कीटकनाशक मारावे. तुसात जे लहान काळे किडे असतात, ते गादी थंड होऊ लागली की काही तासांत भिंतीच्या भेगांत आणि लाकडी वाशांत शिरतात आणि नवी पिल्ले आली की पुन्हा खाली उतरतात. गंबोरोचा विषाणू या किड्यांत शेड रिकामे झाल्यानंतरही काही आठवडे टिकल्याचे आढळले आहे, आणि पिल्ले हे किडे आवडीने टिपतात. उंदरांसाठी आमिषही त्याच दिवशी ठेवावे. खाद्य संपलेले असते तेव्हा उंदीर आमिषाला लवकर लागतात.

त्यानंतर उरलेले खाद्य, भांडी, पिल्लांना ऊब देणारे ब्रूडर, पडदे असे हलवता येणारे सर्व सामान बाहेर काढावे आणि मग गादी उचलावी. इथे ठाणे जिल्ह्यात सर्रास दिसणारी एक गोष्ट मला थांबवावीशी वाटते. कोंबडखत गोण्यांत भरून शेडच्याच भिंतीला टेकवून रचले जाते आणि व्यापाऱ्याची गाडी येईपर्यंत दहा-पंधरा दिवस तिथेच राहते. शेड आतून धुऊन काढायचे आणि दाराशी मागच्या बॅचचा सगळा संसर्ग रचून ठेवायचा, याला अर्थ नाही. वाऱ्याबरोबर त्या गोण्यांतली भुकटी जाळीतून आत येते, आणि पावसाळ्यात गोण्यांखालून ओघळलेले काळे पाणी कामगाराच्या चपलेला लागून दारातून आत जाते. शिवाय त्या रिकाम्या गोण्या पाच-सहा शेडवर फिरून आलेल्या असतात. खत त्याच दिवशी आवाराबाहेर गेले पाहिजे; ते शक्य नसेल तर शेडपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला ताडपत्रीखाली झाकून ठेवावे आणि गोण्या आपल्या स्वतःच्या, नव्या वापराव्यात.

गादी उचलल्यावर पाण्याचा पाइप हातात घेण्याची घाई करू नये. आधी कोरडी सफाई, वरून खाली: छताची जळमटे, वासे, पंखे, जाळीत अडकलेली पिसे, मग भिंती आणि शेवटी जमीन. जमीन खरवडायला कुदळीचे पाते किंवा लोखंडी खरवडणी वापरावी. सर्वांत जास्त घाण दोन ठिकाणी सापडते: भिंत आणि कोबा जिथे मिळतात त्या सांध्यात, आणि ड्रिंकरच्या खाली जिथे पाणी सांडून विष्ठा सिमेंटसारखी घट्ट झालेली असते त्या गोल चकत्यांत. झाडूने या चकत्या निघत नाहीत, वरून गुळगुळीत होतात आणि जमीन साफ झाल्यासारखी दिसते. गादी काढलेल्या शेडमध्ये गेल्यावर मी खिशातला चाकू त्या सांध्यात घालून फिरवतो. कोरडी, तपकिरी भुकटी निघाली की पुढचे काही पाहण्याची गरज उरत नाही. कोब्याला खड्डे आणि भेगा असतील तर याच टप्प्यावर सिमेंटने बुजवून घ्याव्यात. मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीचे निर्जंतुकीकरण खऱ्या अर्थाने होत नाही. तिथे वरचा इंचभर थर खरवडून काढून नवा मुरूम घालणे आणि त्यावर चुना देणे, एवढेच हातात असते. आपले शेड तसे असेल, तर औषधांवर वर्षभर होणारा खर्च एकदा कोबा करण्यात घालावा असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर धुणे. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, तसाच विष्ठेतला आणि पिसांतला स्निग्ध थर नुसत्या पाण्याच्या झोताने निघत नाही. आधी सगळीकडे साधे पाणी मारून भिजत ठेवावे, मग धुण्याच्या पावडरचे किंवा फेस येणाऱ्या डिटर्जंटचे द्रावण मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग दाबाच्या पाण्याने वरून खाली धुवावे आणि शेवटी साध्या पाण्याने खळबळून काढावे. हे शेवटचे खळबळणे टाळू नये. साध्या साबणाचा अंश मागे राहिला तर त्यावर मारलेले क्वाटर्नरी अमोनियम गटाचे औषध, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेले कोणतेही औषध, निकामी होते. आपल्या भागात बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी कठीण असते, त्याचाही या गटावर वाईट परिणाम होतो. म्हणून द्रावण करायला शक्य तर पावसाचे साठवलेले किंवा विहिरीचे मऊ पाणी घ्यावे.

धुतल्यानंतर शेड वाळले पाहिजे, आणि ठाणे जिल्ह्यात खरी अडचण इथे येते. जमिनीवर पाण्याचे थारोळे असताना फवारलेले औषध त्या पाण्यात पातळ होते, आपण कितीही काटेकोर मात्रा घेतली तरी. जानेवारीत शेड एका दिवसात वाळते. जुलैमध्ये मुरबाड-शहापूरकडे पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही आणि हवाच इतकी ओली असते की धुतलेला कोबा तीन दिवसांनीही दमट लागतो. त्यामुळे पावसाळी बॅचसाठी पद्धत थोडी बदलावी. कोरड्या सफाईवर दुप्पट मेहनत घ्यावी, पाणी कमीत कमी वापरावे, धुतल्यावर वायपरने सर्व पाणी बाहेर ओढून काढावे, वाऱ्याच्या बाजूचे पडदे पाऊस येणार नाही इतके उघडे ठेवून पंखे सतत चालू ठेवावेत आणि मगच फवारणी करावी. शक्य असेल तर वर्षातली मोठी, सगळे सामान उलगडून करायची सफाई मे महिन्यातल्या रिकाम्या काळात बसवावी.

आता औषधाची निवड. ती करताना डब्यावरच्या नावाऐवजी आपला शत्रू कोण आहे, ते पाहावे. बर्ड फ्लू आणि राणीखेत, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, यांच्या विषाणूंवर स्निग्ध आवरण असते. ते आवरण साबणानेही फाटते, त्यामुळे स्वच्छ पृष्ठभागावर जवळपास कोणतेही चांगले जंतुनाशक त्यांना पुरते. गंबोरोच्या विषाणूला असे आवरण नाही. तो उष्णता, थंडी, आम्लता सगळे सोसतो आणि रिकाम्या शेडमध्ये चार महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे. त्याच्यावर नुसते क्वाटर्नरी अमोनियम फारसे चालत नाही. घरगुती फिनाईलवर तर विसंबूच नये. ग्लुटारअल्डिहाइड आणि क्वाटर्नरी अमोनियम यांचे मिश्रण, पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट असलेली गुलाबी पावडर, किंवा स्वच्छ जमिनीवर ताजे, कडक क्लोरीन यांपैकी एक निवडावे.

आपल्या परिस्थितीत मी दोन फवारण्या सांगेन. पहिली शेड धुऊन वाळल्यावर, ग्लुटारअल्डिहाइडच्या मिश्रणाची, डब्यावरच्या मात्रेत, आधी केलेल्या हिशेबाप्रमाणे पूर्ण तीनशे लिटर. छतापासून सुरुवात करून मागे सरकत दाराकडे यावे आणि पृष्ठभाग किमान अर्धा तास ओला राहील असे पाहावे. दुपारच्या कडक उन्हात पत्र्यावर मारलेले औषध पाच मिनिटांत वाळते, म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी. दुसरी फवारणी तूस आणि भांडी आत लावल्यानंतर, पिल्ले येण्याच्या तीन-चार दिवस आधी, पेरॉक्सिमोनोसल्फेटच्या एक टक्का द्रावणाची, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो पावडर. ही दुसरी हलकी, तुषार पद्धतीने असावी, म्हणजे तूस ओले होणार नाही. या द्रावणाचा गुलाबी रंग उडाला की ताकद गेली असे समजून ते टाकून द्यावे. आयोडीनच्या द्रावणाचेही तसेच आहे, तपकिरी रंग फिका पडला की ते नुसते पाणी असते.

ब्लीचिंग पावडर स्वस्त आहे आणि आपल्याकडे सगळीकडे मिळते, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ताज्या पावडरमध्ये साधारण ३० ते ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत तोंड उघडलेली गोणी काही आठवड्यांत बरीच निकामी होते. ओलसर गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर घेऊ नये. जमिनीसाठी एक टक्का क्लोरीनचे द्रावण करायचे तर दहा लिटर पाण्यात ३३० ग्रॅमच्या आसपास ताजी पावडर लागते. मूठभर पावडर बादलीत टाकून केलेले द्रावण त्याच्या जवळपासही जात नाही. क्लोरीन पत्रा, जाळी आणि तारा गंजवते, त्यामुळे छताला ते वापरू नये. क्लोरीनमध्ये आम्ल किंवा आम्लयुक्त औषध कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू बंद पडद्यांच्या शेडमध्ये माणसाचा जीव घेऊ शकतो. खरे तर कोणतीही दोन जंतुनाशके एका टाकीत एकत्र करू नयेत, दुकानदाराने कितीही सांगितले तरी.

रक्ती हगवणीचा विषय वेगळा ठेवावा लागतो. ती ज्या परजीवीमुळे होते त्या कॉक्सिडियाच्या अंड्यांचे कवच इतके चिवट असते की वर सांगितलेल्या औषधांपैकी एकाचाही त्यांच्यावर भरवसा धरता येत नाही. त्यांना मारते ती उष्णता, पूर्ण कोरडेपणा आणि कडक अमोनिया. गॅसवर चालणारी फ्लेम गन त्यासाठी उपयोगी आहे, पण ती सावकाश, जमीन हाताला चटका बसेल इतकी तापेपर्यंत फिरवावी लागते. धावत्या ज्योतीने फक्त पिसे जळतात. तूस, पडदे, गोण्या शेडमध्ये असताना ती पेटवू नये आणि पाण्याचा पाइप जवळ ठेवावा. बॅच चालू असताना रक्ती हगवणीला खरा अटकाव गादी कोरडी ठेवल्याने होतो. मूठभर तूस दाबल्यावर गोळा होऊन तसाच राहिला तर गादी ओली आहे, हे रोज सकाळी पाहावे आणि गळका ड्रिंकर त्याच दिवशी दुरुस्त करावा.

फॉर्मलिनच्या धुरीबद्दल बरेच जण विचारतात, कारण जुन्या पुस्तकांत ती असते. शंभर घनफुटांना ४० मिलिलिटर फॉर्मलिन आणि २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट हे तिचे एकपट प्रमाण. आपल्या शेडची सरासरी उंची दहा फूट धरली तर घनफळ ४५ हजार घनफूट होते, म्हणजे एकपट धुरीलाच १८ लिटर फॉर्मलिन आणि ९ किलो परमँगनेट लागेल. एवढे करून वायू चोवीस तास कोंडून राहिला पाहिजे. दोन्ही बाजूंनी जाळी असलेल्या शेडला फाटके पडदे लावून तो कोंडत नाही, वाऱ्याने शेजारच्या खोलीत, म्हणजे कामगाराच्या घरात शिरतो. फॉर्मलडिहाइड कर्करोगकारक आहे, हे आता निर्विवाद आहे. अंडी उबवणी केंद्रातील बंदिस्त खोलीसाठी, प्रशिक्षित माणसाच्या हातात ती पद्धत ठीक. आपल्या शेडला मी ती सांगणार नाही.

जिथे जवळजवळ कुणीच हात घालत नाही ती जागा म्हणजे पाण्याची लाइन. जमीन, भिंती, छत सगळे स्वच्छ झाले तरी निपलच्या (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्यांच्या) पाइपात मागच्या बॅचचे जंतू बसलेले असतात. जुन्या लाइनचा टोकाचा वीतभर तुकडा कापून उभा चिरून पाहावा. आतून बोट फिरवले तर बुळबुळीत, करड्या-तपकिरी रंगाचा साका हाताला लागतो आणि त्याला कुजका वास येतो. पाण्यातून दिलेली जीवनसत्त्वे, गुळाचे पाणी, प्रतिजैविके यांच्या अंशावर हा थर पोसला जातो. तो क्लोरीन खातो, औषधे अडवतो आणि गंबोरोची लस पाण्यातून दिलेली असेल तर तिचीही ताकद कमी करतो. आपल्याकडे लस लागत नसेल तर त्याचे एक कारण इथे असण्याची मला दाट शंका आहे.

शेड रिकामे असताना आधी लाइन दाबाच्या पाण्याने धुवावी, मग तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरून चोवीस तास ठेवावे. पाऊण इंची पाइपात पन्नास मीटर लांबीला पंधरा लिटरच्या आसपास पाणी मावते. वीस लिटर द्रावण करायला ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड १.२ लिटर पुरते. पेरॉक्साइडमधून वायू सुटतो, म्हणून पाइपाचे टोक पूर्ण घट्ट बंद करू नये, आणि हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा घालावाच. ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड कातडी क्षणात पांढरी पाडते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक निपल बोटाने दाबून द्रावण वाहू द्यावे, मग साध्या पाण्याने लाइन पूर्ण धुवावी. टाकीही आतून ब्रशने घासावी आणि तिला झाकण असावे, कारण टाकीवर बसणारे कावळे आणि बगळे तिथे काय टाकतात, हे सांगायला नको.

बॅच चालू झाल्यावर पिण्याच्या पाण्यात क्लोरीन ठेवावे, पण ते टाकीत किती टाकले यापेक्षा लाइनच्या शेवटच्या निपलला किती पोहोचले, ते महत्त्वाचे. हजार लिटरला दहा ग्रॅम ताज्या ब्लीचिंग पावडरपासून सुरुवात करावी, ती थोड्या पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत घालावे. अर्ध्या तासाने शेवटच्या निपलचे पाणी क्लोरीन तपासणीच्या साध्या किटवर पाहावे आणि ३ पीपीएमच्या (लिटरला ३ मिलिग्रॅम) आसपास येईल असे प्रमाण ठरवावे. पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल तर ४८ तास आधीपासून क्लोरीन आणि कोणतेही जंतुनाशक बंद करावे आणि लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी पंधरा-वीस मिनिटे आधी मिसळावी. जे जंतुनाशक रोगाचा विषाणू मारते, ते लसीतला विषाणूही मारते. हा एक मुद्दा कंपनीच्या सुपरवायझरशी बसून पडताळून पाहावा, कारण शेड कितीही स्वच्छ असले तरी लस लागली नाही तर गंबोरो येणारच.

आता चुना. पहिली फवारणी पूर्ण वाळल्यावर भिंतींना आणि जमिनीला विरवलेल्या चुन्याचा हात द्यावा. चुना अल्कली असल्याने तो आधी लावून वर आयोडीन किंवा पेरॉक्सिमोनोसल्फेट मारले तर दोन्ही वाया जातात, म्हणून गुलाबी पावडरची दुसरी फवारणी चुना वाळून वर तूस पसरल्यावरच करावी. पिल्ले आत असताना ओल्या गादीत चुना कालवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने विष्ठेतला अमोनिया एकदम मोकळा होतो आणि पिल्लांचे डोळे व श्वासनलिका जळते. ओली गादी काढून टाकून कोरडे तूस घालणे हाच त्यावर उपाय. तूस आपल्या भागात भातगिरणीतून सहज मिळतो, पण तो पावसात भिजलेला किंवा उघड्यावर ढीग घालून ठेवलेला नसावा. बुरशी लागलेल्या तुसातून पिल्लांच्या फुप्फुसाचा आजार होतो आणि त्यावर उपचार नाही. वास घ्यावा, मुठीत धरून पाहावा, शंका आली तर गाडी परत पाठवावी.

हे सगळे केल्यावर शेड रिकामे ठेवावे. धुऊन पहिली फवारणी झाल्यापासून निदान दहा दिवस, आणि गंबोरो झालेल्या शेडला दोन आठवडे, हा माझा आग्रह आहे. कंपनीची गाडी लवकर पिल्ले आणते आणि पोल्ट्रीधारकालाही वर्षात एक बॅच जास्त हवी असते, हे मला माहीत आहे. पण तीन बॅच मर झालेल्या शेडमध्ये सातव्या दिवशी पिल्ले टाकून मिळवलेला आठवडा चौथ्या आठवड्यातल्या मरीत व्याजासह परत जातो. या काळात शेडला कुलूप असावे. गावातली कोंबडी, कुत्रे आणि शेजाऱ्यांची मुले यांना ती मोकळी जागा वाटू नये.

दाराशी फूटबाथ (पाय बुडवायचे औषधाचे पाणी) ठेवला म्हणजे झाले, असा समज आहे. चिखलाने माखलेला पाय औषधात दोन सेकंद बुडवला तर औषध खराब होते, पाय नाही. दारात आधी ब्रश आणि पाण्याची बादली, मग फूटबाथ, आणि त्याहून चांगले म्हणजे शेडच्या आत घालायची वेगळी चप्पल किंवा गमबूट, जे कधीही दाराबाहेर जाणार नाहीत. फूटबाथवर छप्पर हवे, नाहीतर पावसाळ्यात एका सरीत तो काठोकाठ भरतो. द्रावण रोज बदलावे. पक्षी भरायला येणारी गाडी आणि क्रेट कल्याण-मुंबईच्या बाजारातून आणि दिवसभरात इतर शेडवर फिरून आलेले असतात, म्हणून गाडीची चाके फाटकावर फवारावीत आणि भरणारी माणसे फक्त शेवटच्या गाडीच्या वेळी आत येऊ द्यावीत; त्याआधीच्या गाड्यांना पक्षी आपण दारापर्यंत आणून द्यावेत.

फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल एक शब्द. ग्लुटारअल्डिहाइडने दमा आणि कातडीची ॲलर्जी कायमची जडू शकते. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि मास्क याशिवाय पंप कुणाच्याही पाठीवर देऊ नये. आपल्याकडे कामगाराचे कुटुंब बहुधा शेडला लागूनच राहते, लहान मुले तिथेच खेळतात, आणि औषधाचे रिकामे कॅन पाणी भरायला घरात जातात. हे कॅन त्याच दिवशी भोके पाडून निकामी करावेत. धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नये. क्वाटर्नरी अमोनियम माशांना फार विषारी आहे. शेडच्या उताराला शोषखड्डा करून त्यात ते जिरवावे.

शेवटी, नेहमीपेक्षा वेगळी मर दिसली तर फवारणी करून ती दाबण्याचा प्रयत्न करू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे एका पोल्ट्रीत पक्षी अचानक मरू लागले, तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला आणि एक किलोमीटर त्रिज्येतील सर्व पक्षी नष्ट करावे लागले. पक्षी एका-दोन दिवसांत मोठ्या संख्येने मरत असतील, तुरे निळे पडत असतील, डोके सुजत असेल, तर मेलेला पक्षी हाताळू नये, विकू नये, ओढ्यात टाकू नये. पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. नमुने पुण्यातील औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने ही खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. अहवाल येईपर्यंत शेडमधून माणूस, पक्षी, अंडी, खत, गोणी काहीही बाहेर जाऊ देऊ नये, आणि त्या दिवसांत शेडवर जाणाऱ्या एकाच माणसाने काम करून तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जावे.